शी-बॉक्स पोर्टल: तक्रार पोचते, पुढचं समितीच्या हातात

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची तक्रार ऑनलाइन करता यावी म्हणून केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2017 मध्ये शी-बॉक्स आणलं. ऑगस्ट 2024 मध्ये ते नव्या रूपात आलं. पोर्टल चौकशी करत नाही, तक्रार फक्त समितीकडे धाडतं. चौकशी कंपनीची अंतर्गत समिती करते. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. इथेच घोडं पेंड खातं: समिती कागदावरच असेल तर तक्रार पडून राहते. समिती न नेमल्यास दंड 50,000 रुपयांपर्यंत. मोठ्या कंपनीला हा चहापाण्याचा खर्च.

अर्जाआधी तारखा, जागा, मेसेजचे स्क्रीनशॉट, साक्षीदारांची नावं क्रमाने लिहून ठेवा. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण पटलं तर समिती आणखी तीन देऊ शकते. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी.

सगळ्यात दुर्लक्षित सोय कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातल्या कलम 12 ची: चौकशी चालू असताना बदली, किंवा हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा. मात्र ती समितीकडे लेखी मागावी लागते, म्हणून तक्रारीसोबतच तो अर्ज जोडा.