फेल्युअर अ‍ॅनालिसिसचं ट्रेनिंग: घ्या, पण मालकांना बसवून

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर पार्ट बनवायचं) छोटं युनिट आहे, मी क्वालिटी बघतो. कस्टमरकडून बुशचा (नळीसारखा पार्ट) लॉट परत आला, बोअर म्हणजे आतलं भोक ओव्हरसाइज, म्हणून मालकांनी फाइव्ह व्हाय (पुन्हा पुन्हा 'का' विचारून मूळ कारण शोधणं) आणि एट-डी (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडायची पद्धत) शिकवायला बाहेरून ट्रेनर बोलावला. एट-डीचे फॉर्म आमच्याकडे आधीही भरले जायचेच हो, पण कारण ठरलेलं "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" आणि उपाय ठरलेला "समज दिली", की फाइल बंद, आणि थोड्या दिवसांनी परत तेच रिजेक्शन.

या माणसाने स्लाइड उघडायच्या आधी मालकांना सगळ्यांसमोर बोलायला लावलं की या लॉटवरून कुणालाही मेमो मिळणार नाही. मग फर्स्ट शिफ्टचा ऑपरेटर हळूच म्हणाला, "साहेब, नो-गो गेज पहिल्याच पीसला आत गेला होता, पण बोललो असतो तर खापर माझ्यावरच फुटलं असतं." (नो-गो गेज भोकात जायलाच नको, गेला म्हणजे भोक मोठं झालंय.)

तिथून खरं पाणी कुठे मुरतंय ते कळायला लागलं. नाइटला इन्सर्ट म्हणजे टूलची कापणारी धार बदलली, ऑफसेट म्हणजे मशीनमधलं टूलचं सेटिंग बदललं, नोंद कुठेच नाही. का नाही, तर हॅन्डओव्हरच होत नाही. का होत नाही, तर नाइटवाल्यांची बस शिफ्ट सुटल्या सुटल्या निघते! आता बस दहा मिनिटं उशिरा निघते आणि ऑफसेटचं रजिस्टर मशीनलाच अडकवलंय. इतकी वर्षं आम्ही माणसांना समज देत बसलो होतो.

मधे इस्रोचा किस्सा सांगितला, १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं तेव्हा इस्रोचे त्यावेळचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि १८ जुलै १९८० ला जमलं तेव्हा कलामांना पुढे केलं. सगळ्यांनी ऐकलेला आहे, मान्य, पण ट्रेनरने भर दिला तो मधल्या अकरा महिन्यांवर, दुसऱ्या टप्प्याच्या कंट्रोल सिस्टीममधली गळती शोधली आणि प्रोजेक्ट डायरेक्टर कलामच राहिले. ऑपरेटर शेजारी बसलेले असताना मालकांनी हे ऐकणं फार गरजेचं होतं.

खटकलं ते एवढंच, स्लाइड सगळ्या इंग्रजीत, आणि फी माणशी असल्यामुळे आमच्याकडून कॉन्ट्रॅक्टची पोरं बसवलीच नाहीत, मशीनवर तर जास्त तीच असतात. बुक करत असाल तर त्यांना आधी बसवा, मराठी-हिंदी स्लाइड मागून घ्या, आणि मालक नुसतं उद्घाटन करून केबिनमध्ये जाणार असतील तर पैसे घालवू नका.