दहा रुपयांचा वायसर आणि माझं पितळेचं हेड

भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या बाजूला माझं टू-व्हीलर धुण्याचं छोटं सेंटर आहे. दोन रॅम्प, एक फोमची टाकी आणि एक प्रेशर वॉशर: तीन एचपीची मोटर, तीन प्लंजरचा, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या तीन दांड्यांचा पंप. पावसाळ्यात असा धंदा बसत असेल असं लोकांना वाटतं. उलट आहे. दोन दिवस पाऊस उघडला की चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागते. जुलैमधल्या अशाच एका रविवारी पंपाखाली तेलाचा डाग दिसला. कामावरच्या पोराने व्हिडिओ काढून पाठवला. मी जेवत होतो, बघितल्यासारखं केलं आणि फोन पालथा ठेवला. त्या नऊ सेकंदांच्या व्हिडिओत सगळं होतं. ते कळायला 17,500 रुपये लागले.

शेजारच्या टायरवाल्याने एका मेकॅनिकचा नंबर दिला. त्या बिचाऱ्याचा यात दोष नाही, त्यालाही तो रस्त्यातच भेटलेला. माणूस गोड बोलणारा. मी साताऱ्याचा म्हटल्यावर तो कराडचा निघाला. आता वाटतं, मी नाशिकचा म्हणालो असतो तर तो सिन्नरचा निघाला असता.

त्याने मशीन चालू केलं नाही. फडक्याने पुसलंही नाही. खाली बोट घातलं, तेल दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, "दादा, क्रँक सील गेलं. बॉडीला आतून केसासारखी चीर पण आहे. इथे उघडून चालणार नाही, लेथवर घ्यावं लागेल." मग पिशवीत हात घालून काहीतरी खुडबुड केली आणि फाटलेलं एक ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबराची रिंग, माझ्या तळहातावर ठेवलं. "हे बघा, काय अवस्था झालीय." पंप अजून मोटरवरच होता, उघडलेला नव्हता. तरी हे सील आलं कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. रांगेत सहा गाड्या उभ्या होत्या, हे माझं समर्थन.

पंप स्कूटरच्या पुढ्यात ठेवून तो घेऊन गेला. 7,000 आगाऊ. संध्याकाळी बायकोने विचारलं, "पावती?" मी म्हणालो, "गावाकडचा माणूस आहे."

तिसऱ्या दिवशी पंप आला तो निळाशार रंगवून. नवाच वाटत होता. मला तर आनंद झाला, की बघ, माणसाने रंगसुद्धा दिला. उरलेले 4,500 दिले. चार दिवस मशीन बरं चाललं. पाचव्या दिवशी तेल पुन्हा, आणि आता जास्त: वरच्या बुचाच्या कडेने, मोटरच्या बाजूने, सगळीकडून. तो आला आणि म्हणाला, मोटरचा शाफ्ट वाकडा आहे, म्हणून सील खातोय. शाफ्ट आणि बेअरिंगचे 6,000. तेही दिले. दोन दिवसांनी परत तेच. फोन केला तर आधी "गावाला आलोय", मग नुसतीच रिंग, मग तीही नाही.

शेवटी पंप खोलला, गोणपाटात गुंडाळला आणि स्लो लोकलने मशीदला उतरलो. नागदेवी स्ट्रीट ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. सील, बेअरिंग, पंपाचे पार्ट, रबराच्या रिंगा, जे म्हणाल ते त्या गल्ल्यांत मिळतं. स्टेशनचा जिना चढताना एक गोष्ट जाणवली होती. हा पंप उचलताना एरवी कंबर धरायची, आज तो एका हातात चालला होता. घाईत आणि गर्दीत तो विचार तिथेच राहिला.

दुकानातल्या काकांनी पंप काउंटरवर ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "तेल कुठून येतंय?"

"खालून."

"तेल खालूनच दिसतं हो. सुटतं कुठून?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि दोन वेळा पैसे घेणाऱ्या त्या माणसानेही ते शोधलं नव्हतं. काकांनी पंप फिरवत दाखवलं. अशा पंपात एका बाजूला पाणी, एका बाजूला तेल. तेलाच्या बाजूला प्लंजर हलवणारा क्रँक, पाण्याच्या बाजूला हेड, म्हणजे पाणी ज्यातून जातं तो धातूचा ठोकळा, आणि दोन्हींतून ये-जा करणारे तीन प्लंजर. मधल्या जागेत खाली बारीक भोकं असतात. त्यातून पाणी टपकलं तर पाण्याचं सील गेलं, तेल टपकलं तर ऑइल सील. मोटरच्या बाजूने तेल आलं तर क्रँकचं सील. तेल बघायच्या काचेभोवती ओल असेल तर तिथली ओ-रिंग. तेल काढायच्या सगळ्यात खालच्या ड्रेन बोल्टला थेंब लटकत असेल तर बहुतेक वेळा नुसता वायसर. आणि तेल ताकासारखं दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय, मग सील बघितल्याशिवाय नुसतं तेल बदलून उपयोग नाही.

"पहिल्या दिवसाचा फोटो आहे का?"

व्हिडिओ काढून दिला. काकांनी तो थांबवून मोठा केला. ड्रेन बोल्टच्या टोकाला थेंब, आणि बोल्टच्या वरची सगळी बॉडी कोरडी. दोन आठवड्यांपूर्वी आम्हीच तेल बदललं होतं आणि चपटा झालेला जुना वायसर परत लावला होता. नवीन वायसर दहा रुपयांचा.

मग दुसरी गळती? ती मेकॅनिकने दिलेली भेट. वरच्या बुचात बारीक भोक असतं, ब्रीदर म्हणतात त्याला. पंप तापला की आतली हवा फुगते आणि त्या भोकातून बाहेर पडते. माझ्या पंपाला ब्रीदरच्या जागी साधा बोल्ट ठोकलेला होता. शिवाय तेल काचेच्या अर्ध्यापर्यंत हवं, ते काठोकाठ भरलेलं. हवेला वाट नाही, तेलाला जागा नाही, मग दाबाने जे सील सगळ्यात हलकं असेल तिथून तेल बाहेर येणारच. उघडून बघितलं तर आतली सील जुनीच, वरून सिलिकॉन पेस्ट फासलेली.

पाकिटात जपून ठेवलेलं ते फाटकं सील मी काढलं. काकांनी चष्मा वर करून त्यावरचे आकडे वाचले: 35-52-7. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. माझ्या प्लंजरच्या दांड्याला लागतं 20-35-7. "ते मोठं घातलं असतं तर दांडा त्यात डुगडुगला असता. आणि मोटरकडचं क्रँक सीलही या मापाचं नाही. हे तुमच्या पंपाचं नाहीच."

इथपर्यंत मी चिडलो होतो, पण हसत होतो. मग काकांनी तोच व्हिडिओ पुन्हा बघितला, खिशातून चावी काढली आणि हेडवरचा निळा रंग खरवडला. खाली पांढरट धातू. व्हिडिओत माझं हेड पिवळं दिसत होतं. पितळेचं. मेकॅनिकने ते काढून अ‍ॅल्युमिनियमचं बसवलं होतं आणि फरक दिसू नये म्हणून सगळ्यावर रंग मारला होता. मी चुंबक लावून बघायचं सुचवलं, तर काका म्हणाले, चुंबक दोन्हीला लागत नाही, वजन आणि ओरखडा, एवढंच कामाचं.

बुचाचं काम अडाणीपणाने झालं असेल, असं मी अजूनही मानायला तयार आहे. हेडचं तसं नाही. रंगाचा डबा कोणी चुकून उघडत नाही.

तक्रारीचा विचार केला. हातात काय होतं? पावती नाही. यूपीआयची नोंद आहे, पण खातं भलत्याच बाईच्या नावावर. पैसे पाठवताना ते नाव स्क्रीनवर आलं होतं, मी वाचलंही होतं आणि पुढे अंगठा दाबला.

तीन ऑइल सील, क्रँकचं सील, वायसर, ब्रीदर आणि मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं तेल, सगळं मिळून 1,340 रुपये झाले. सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, हे काकांनी दोनदा बजावलं. गळती बंद.

आता तेल दिसलं की मी मशीन बंद करतो, प्लग काढतो, गन दाबून उरलेला दाब सोडतो. रॉकेलच्या फडक्याने पंप लख्ख पुसतो, सुकू देतो आणि संशयाच्या जागी अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरवतो. मग गनमधून पाणी सोडत दहा मिनिटं चालवतो. गन बंद ठेवून चालवायचं नाही, तेच पाणी आत फिरून तापतं आणि सील खराब करतं. पावडरवर पहिला काळा ठिपका जिथे उमटेल तिथून तेल सुटतंय. कोणीही मेकॅनिक येऊ दे, आधी तो ठिपका दाखव म्हणतो. एक जण त्यावरच रागावून निघून गेला, बरं झालं. पंप न्यायचाच असेल तर चारी बाजूंनी फोटो, हेडवर आणि बॉडीवर पंचने खूण, घरच्या काट्यावर वजन, आणि काढलेले जुने पार्ट माझ्यासमोर माझ्या हातात. सीलवरचे आकडे मी स्वतः वाचतो.

हेड अजून ते अ‍ॅल्युमिनियमचंच आहे. नवं पितळेचं सध्या परवडत नाही. चोरलेलं हेड भंगारात कितीला गेलं असेल, हे विचारायला मी काही गेलो नाही. बायको जाऊन विचारून आली. आकडा ती मला सांगत नाही.