हवेच्या पाइपांना रंग लावून घेताय? आधी उघडा पाइप बघून घ्या

फोंडा तालुक्यातल्या एका घरगुती गॅरेजात चवथीच्या तोंडावर कॉम्प्रेसरची 30 मीटर लाइन टाकून, वर आकाशी रंग मारून, चकाचक करून दिली गेली. बिलात होतं: अर्धा इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, बी क्लास, 5 नग, प्रायमर 4 लिटर, सिंथेटिक इनॅमल 4 लिटर, थिनर 5 लिटर, प्रायमरसकट तीन हात. शिगमा येईपर्यंत भिंतीकडच्या बाजूने रंग सापाच्या कातीसारखा सुटू लागला. स्प्रे गनमधून तांबूस पाणी येऊन गाडीचं नुकतंच मारलेलं दार पुन्हा घासावं लागलं, आणि सांध्यांपाशी हवा फुसफुसायला लागली. रंग खरवडल्यावर बाकीचं उघड झालं. पाचातले तीन पाइप भंगारातले, दोन नवे पण ए क्लासचे. माळ्याच्या वर, शिडी लावल्याशिवाय नजर पोचणार नाही अशा जागी, दीड मीटरचा तुकडा चक्क पीव्हीसीचा.

हे सगळं एका गोष्टीमुळे खपून गेलं: मालकाने पाइप पाहिले ते रंग लागल्यावर. एकदा निळा हात बसला की क्लास, गंज, पुट्टी, प्लास्टिक सगळं सारखंच दिसतं.

क्लासपासून सुरुवात करू. आयएस 1239 या भारतीय मानकाप्रमाणे पाइपवर रंगाचा पट्टा असतो: ए म्हणजे हलक्या क्लासला पिवळा, बी म्हणजे मध्यम क्लासला निळा, सी म्हणजे जड क्लासला लाल. पट्टा आणि आयएसआयची खूण रंगाखाली गेली की पुरावाच गेला. अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास तिन्ही क्लासांत 21.3 मिमीच, त्यामुळे बाहेरून मोजून काही कळत नाही. फरक जाडीत असतो. ए क्लास 2 मिमी, बी क्लास 2.6 मिमी, सी क्लास 3.2 मिमी. हा फरक किरकोळ वाटतो, पण आटे पाडल्यावर वाटत नाही. अर्धा इंची बीएसपी (पाइपांच्या नेहमीच्या ब्रिटिश मापाच्या) आट्याची खोली जवळजवळ 1.16 मिमी. म्हणजे आट्याच्या तळाशी बी क्लासमध्ये 1.4 मिमीच्या वर धातू उरतो, ए क्लासमध्ये जेमतेम 0.8 मिमी, आणि तिथला जस्ताचा थर आटे पाडतानाच निघून गेलेला असतो. आपल्याकडच्या दमट हवेत कॉम्प्रेसरमधून भरपूर पाणी लाइनीत जातं आणि ते नेमकं सांध्यांत साचतं. लाइन आधी तिथूनच खायला लागते.

ओळखायचं कसं? वजन करा. 6 मीटरचा अर्धा इंची बी क्लास पाइप सव्वासात किलोच्या आसपास भरतो, ए क्लास पावणेसहाच्या. दीड किलोचा फरक कुठल्याही काट्यावर दिसतो. व्हर्नियर असेल तर कापलेल्या टोकाला भिंतीची जाडी मोजा. मात्र कापताना आत आलेली कड आधी कानसने काढा, नाहीतर जाडी उगाच जास्त दिसेल. पाइप गाडीतून उतरताना पट्ट्याचा फोटो काढून ठेवावा, आणि तो काढताना काम करणाऱ्याला दिसू द्यावा.

जुन्या पाइपांचं गणित वेगळं. घरांच्या पाण्याच्या जुन्या जीआय लाइनी निघतात आणि त्या जागी प्लास्टिक येतं. निघालेला माल भंगारात जातो आणि तिथून किलोवर उचलून, तारेचा ब्रश मारून, रंगवून ‘नवा’ म्हणून लावला जातो. बाहेरून रंगाने झाकता येतो, आतून येत नाही. एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकाने बघा: नवा जीआय आतून राखाडी चकचकीत दिसतो, जुना तपकिरी, खडबडीत, कधी चुन्याची पुटं धरलेला. ही पुटं हवेच्या झोताने सुटतात आणि फिल्टर, मग गनचं नोझल बंद करतात. बाहेर खड्डे असतील तर ते इपॉक्सी पुट्टीने भरलेले असतात. रंगाखाली ती जागा बोटाला किंचित फुगीर लागते.

पीव्हीसीच्या तुकड्याबद्दल मात्र हयगय नको. पाण्याच्या लाइनीत पीव्हीसी फुटलं तर पाणी उडतं आणि दाब लगेच उतरतो. हवा दाबलेल्या अवस्थेत ऊर्जा साठवून असते. पीव्हीसी ठिसूळ आहे, ते फुटलं की अणकुचीदार तुकडे गॅरेजभर उडतात, आणि ते नेमके डोक्याच्या उंचीवर असतात. पाइपवर छापलेला पाण्याचा दाब कितीही मोठा असो, हवेसाठी तो आकडा धरायचा नाही. तपासणी सोपी: साधं लोहचुंबक घेऊन अख्खी लाइन फिरा, विशेषतः माळ्यावर, टाकीच्या मागे, वळणांवर. जिथे चिकटत नाही तिथे रंग खरवडून बघा. प्लास्टिक निघालं तर तो भाग बदलेपर्यंत कॉम्प्रेसर सुरू करू नका.

दाबाची चाचणी रंगाच्या आधीच व्हायला हवी. या प्रकरणात ती नंतर ‘दाखवली’ गेली, आणि पासही झाली, कारण ताजा रंग बारीक गळती काही दिवस बुजवून ठेवतो. योग्य रीत अशी: लाइन उघडी असताना 8 बारपर्यंत भरायची, कॉम्प्रेसर बंद करायचा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून लाइन वेगळी करायची, प्रत्येक सॉकेट, एल्बो, टी आणि युनियनला साबणाचं पाणी लावायचं, मग रात्रभर गेज बघायचा. अर्धा इंची 30 मीटर लाइनीत जेमतेम सहा लिटर जागा असते, त्यामुळे छोटी गळतीही सकाळपर्यंत काटा खाली आणते. रात्रीच्या गारव्याने किंचित उतार पडतो, तेवढा सोडून द्यावा. टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून केलेली चाचणी खरी धरू नये. शंभर लिटरच्या टाकीपुढे बारीक गळती दिसतच नाही.

आता रंग. जीआयवर रेड ऑक्साइड (विटकरी रंगाचा प्रायमर) आणि त्यावर सिंथेटिक इनॅमल ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर सुटणारी जोडी. सिंथेटिक रंगातलं तेल ओल्या हवेत जस्ताशी संयोग पावून साबणासारखा थर तयार करतं, आणि रंग धातूवरून उचलला जातो. सुटलेला पोपडा उलटा करून बघा. मागची बाजू विटकरी असेल तर तुम्हाला एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला धरून बसणारा आम्लाचा प्रायमर, लावलेला नाही, बिलात काहीही लिहिलेलं असो. एच प्रायमर दोन डब्यांचा येतो, रंग आणि सोबत आम्लाचं द्रावण. मिसळल्यावर काही तासांतच वापरावा लागतो आणि त्याचा हात अगदी पातळ, अर्धपारदर्शक बसतो. जाड, अपारदर्शक विटकरी हात म्हणजे दुसरंच काही. काळा एमएस (जस्त न चढवलेला साधा पोलादी) पाइप असेल तर मात्र रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर चालतो.

जीआयची तयारी अशी हवी: आधी गोड्या पाण्याने धुणे (समुद्राकडच्या गावांत मीठ बसलेलं असतं, आणि मिठावर कुठलाच रंग टिकत नाही), वाळल्यावर थिनरच्या फडक्याने तेल पुसणे, 150 नंबरच्या एमरी पेपरने चकाकी मारणे, पांढरा गंज असेल तर तो पूर्ण काढणे, पुन्हा पुसणे, मग एच प्रायमर, मग डब्यावर दिलेल्या वेळेत रंगाचे दोन पातळ हात. रंग पाइप क्लॅम्पमध्ये बसवण्याआधी लागला पाहिजे. जागेवर बसवून मारला की भिंतीकडची बाजू आणि क्लॅम्पखालचा धातू कोराच राहतो, आणि गंज तिथून धरतो. मोबाइल पाइपच्या मागे सरकवून फोटो काढा, लगेच कळेल.

लिटरांचा हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. अर्धा इंची पाइपचा घेर 67 मिमी. 30 मीटर लाइन म्हणजे पुरते 2 चौरस मीटर. एक लिटर इनॅमल एका हातात साधारण 10 चौरस मीटर जातं. दोन हातांना 400 मिली. ब्रशला, डब्याला, सांध्यांना धरून अर्धा लिटर. प्रायमर त्याहून कमी. म्हणजे एक लिटरचा डबा आणला तरी त्यातला रंग उरतो, आणि बिलात चार-चार लिटर! उरलेला माल दुसऱ्याच्या गेटला लागतो. डबे तुमच्या समोर उघडायला लावा आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत तुमच्याकडे ठेवा.

‘चवथीआधी करून देतो’ या बोलीला भुलू नये. धातू दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्याच्या, किमान 3 अंश वर हवा. 27 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडची पावसाळ्यातली नेहमीची हवा, यात दवबिंदू 25 च्या पुढे असतो. पाइपवर डोळ्याला न दिसणारा ओलावा असतोच आणि रंग त्याच्यावर बसतो. 30 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला दवबिंदू 24 च्या आसपास येतो, तेव्हा काम नीट होतं. पाऊस सरल्यावर, कोरड्या दुपारी रंगवावं. सणासाठी लाइन हवीच असेल तर ती बिनरंगाची चालवा. जीआय काही महिने उघडा राहिला म्हणून बिघडत नाही.

आणखी एक बघायचं. घाईत रंगवणारे सेफ्टी व्हॉल्व्ह, ड्रेन कॉक, गेजची काच सगळ्यावर ब्रश फिरवतात. सेफ्टी व्हॉल्व्ह रंगाने जाम झाला तर तो वेळेला उघडणार नाही. फिल्टरची पारदर्शक वाटी पॉलिकार्बोनेटची असेल तर तिला थिनरचं फडकंही लावू नये. बारीक भेगा पडतात आणि ती दाबाखाली फुटू शकते. धुरकट झालेली वाटी लगेच बदला.

आधीच फसला असाल तर रंग सगळा खरवडून टाकण्याआधी फोटो घ्या, पोपडे पिशवीत ठेवा, पाइपचा हातभर तुकडा कापून जाडी दिसेल असा जपा, पाइपांच्या वजनाची पावती करून घ्या. बिल, पैसे दिल्याचा पुरावा आणि व्हॉट्सअॅपवर ठरलेलं बोलणं एकत्र करा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रारीत ‘काम खराब केलं’ एवढंच लिहून भागत नाही. ‘बी क्लास 2.6 मिमी लिहून 2 मिमी लावला, बिलात 8 लिटर लावून एक लिटरही वापरला नाही, 1.5 मीटर पीव्हीसी झाकलं’ असं आकड्यांत लिहा.