बाईकचं हँडल बदलायला गेलो आणि ७,३०० रुपयांना गंडवलं, नाशिककरांनो सावध राहा

नाशिकमध्ये गाडीला वेगळं हँडल बसवायचा विचार करत असाल तर आधी हे वाचा आणि मग दुकानाची पायरी चढा. माझे ७,३०० रुपये गेले, वर गाडी परत होती तशी करायला ३,४६० गेले, म्हणजे एकूण १०,७६० रुपये, आणि मोहदरी घाटात जीव जायचा तो थोडक्यात वाचला. पैसे परत कमावता येतील हो, पण कुणी माझ्या जिवाशी खेळून वर हसतमुखाने "दादा, चहा घ्या" म्हणत होता हे डोक्यातून जात नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे आणि वकील मित्राने सांगितलंय की नाव टाकू नको.

मी सिडकोत राहतो, नोकरी सिन्नरच्या एमआयडीसीत, रोज नाशिक-पुणे हायवे. गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०. माझी उंची ६ फूट, त्यामुळे हात जास्त पुढे खाली जायचे आणि संध्याकाळी घरी आलं की मनगटं आणि दोन्ही खांद्यांच्या मधला भाग असा भरून यायचा की मान वळवता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, गाडीवर बसायची पद्धत बदला. म्हणजे हे हँडल मी काही रील बनवायला घेत नव्हतो, गरज होती. आणि हो, दिसायलाही चांगलं पाहिजे होतं, स्वतःच्या पैशाची गाडी आहे, त्यात कुणाला काय वाईट वाटायचंय.

आणि मी अभ्यास न करता गेलो असं कुणी म्हणू नका. किती उंच पाहिजे, आपल्या बाजूला किती मागे वळलेलं पाहिजे, रुंदी किती, हे सगळं बघून गेलो होतो. ड्रॅग बार दिसायला एक नंबर पण तो सरळसोट असतो, अंग पुढे झुकतं, पाठदुखीवाल्याने त्याच्या नादी लागू नये. एप हँगर म्हणजे खूप उंच हँडल घेतलं तर हात खांद्यापर्यंत वर जातात, अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. मधलं काहीतरी पाहिजे, कोपर थोडं वाकलेलं राहील आणि मनगट सरळ राहील असं. जास्त रुंद घेतलं की गाडी वळवायला हलकी वाटते पण हायवेला छातीवर वारा खात बसावं लागतं आणि ट्रॅफिकमध्ये मिरर अडकतात. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच की काऊंटरवरचा माणूस सरळ चोर आहे.

त्याने हिशोब दिला तो असा. अ‍ॅल्युमिनियमचं "इंपोर्टेड" हँडल ४,२००, राइजर (हँडल वर उचलणारे ठोकळे) १,४००, बार एंड वेट (हँडलच्या टोकाची वजनं) ६५०, लांब क्लच केबल आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल मिळून १,१००, फिटिंग ४५०. झाले ७,८००. माझं जुनं कंपनीचं हँडल तो ५०० ला घेणार, म्हणजे ७,३००. त्यातले ३,००० अ‍ॅडव्हान्स लगेच, माल भिवंडीहून येणार म्हणे. क्यूआर स्कॅन केला तर नाव वेगळंच आलं, "भावाचं अकाउंट आहे दादा". पक्कं बिल मागितलं तर "पक्कं पाहिजे असेल तर वर जीएसटी लागेल, कशाला उगाच". आता हे वाचून तुम्ही म्हणाल की इथेच कळायला पाहिजे होतं. पण खरं सांगा, नाशिकमध्ये किती दुकानात तुम्ही भावाच्या नाहीतर बायकोच्या नावाच्या क्यूआरवर पैसे भरलेत आणि कच्च्या बिलावर माल आणलाय? सगळेच करतात. त्यामुळे मी या गोष्टीला दोष देत नाही.

दोष द्यायचा तर त्या एका मिनिटाला. माल आला म्हणून फोन आला, गेलो. बबल रॅपमध्ये गुंडाळलेलं, वर कसलं तरी चकचकीत स्टिकर, मॅट ब्लॅक. त्याने ते माझ्या हातात दिलं आणि हात खाली गेला. जड! मी दुसऱ्या हातात माझं जुनं, नुकतंच काढलेलं हँडल घेतलं, आणि नवीन त्याच्यापेक्षा जड लागत होतं. त्याच आकाराचं अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं, पाइप जाड घेतला तरी हातात हलकंच लागायला पाहिजे, हे मला माहीत आहे, मी स्वतः मशीन शॉपमध्ये काम करतो. मी त्याला बोललो पण, "भाऊ, हे जड वाटतंय." तो काय म्हणाला असेल? "दादा, जड म्हणजे मजबूत, लोकल माल हलका असतो." आणि दुकानात उभी असलेली ती दोन-तीन पोरं लगेच "हो हो, आम्ही पण हेच लावलंय". आता वाटतं ती पोरं पण त्याचीच होती. माझी गाडी तोपर्यंत अर्धी उघडलेली, हेडलाइट लोंबकळतोय, स्विचच्या वायरी बाहेर, जुनं हँडल काढलेलं, सात वाजून गेलेले, घरी पोरीचा वाढदिवस. अशा वेळी माणूस काय करणार, गाडी ढकलत घरी नेणार? त्यांनी आधी गाडी उघडली आणि मग माल दाखवला, ही त्यांची ठरलेली पद्धत आहे. माल हातात घेऊन तपासल्याशिवाय गाडीला पाना लावू देऊ नका. खिशात एक साधं लोहचुंबक ठेवा, फ्रिजवरचं चाललं. अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. चिकटलं की तिथून निघा. चांगल्या स्टेनलेसलाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबक आणि वजन दोन्ही बघा.

फिटिंग झाल्यावर दुसरी गोष्ट. गाडी चालू करून मी हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर आरपीएम, म्हणजे इंजिनचा वेग, आपोआप वाढला. म्हणजे केबल ताणली जात होती. केबल पुरेशी लांब असेल तर असं होतच नाही. ब्रेकचा होज (ऑइलची नळी) पण ताठ झालेला. मेकॅनिक पोरगा म्हणाला, "नवीन आहे ना, सेट होईल." केबल सेट होत नसते, लांब असते किंवा आखूड असते. दुकानासमोरच स्टँडवर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा, हँडल टाकीला घासतंय का, आरपीएम चढतोय का, क्लच दाबला जातोय का, आणि मगच उरलेले पैसे द्या. माझ्याकडून ४,३०० त्याने गाडी वळवून बघायच्या आत घेतले होते.

मग मोहदरी घाट. सिन्नरहून परत येताना उतारावर पुढे टेम्पोने एकदम ब्रेक मारला, मी पण मारला, अंगाचं वजन हातावर आलं आणि हँडल क्लँपमध्ये, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या पकडीत, पुढे फिरलं. म्हणजे अख्खं हँडल खाली झुकलं, लिव्हर खाली गेले, बोटं हवेत. ब्रेक लिव्हर कुठे आहे ते सापडेना. मागच्या ब्रेकवर गाडी कशी उभी केली ते मलाच माहीत. मागे ट्रक असता तर हे लिहायला मी नसतो.

सातपूरला एक जुने मेकॅनिक काका आहेत, त्यांच्याकडे गाडी हळूहळू नेली. त्यांनी क्लँप उघडला तर आत सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून घातलेली! हँडलच्या मधोमध जिथे क्लँप पकडतो तिथे बारीक खाचांची जाळी असते, पकड बसावी म्हणून, ती इथे घासून गुळगुळीत झालेली, म्हणून यांनी रबर भरलेलं. ग्रिप काढली तर पाइपच्या तोंडात आतून गंज. काकांनी नखाने काळा रंग खरवडला तर खाली क्रोम. मग वाकाच्या आतल्या बाजूला रंगाखाली पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली पाइपला सुरकुती. म्हणजे कुणाच्या तरी अ‍ॅक्सिडेंट झालेल्या गाडीचं वाकलेलं लोखंडी हँडल सरळ करून, पुट्टी मारून, रंग देऊन मला ४,२०० ला विकलं. एकदा वाकलेला पाइप सरळ केला तरी त्या जागी तो कमजोरच राहतो, कधी तुटेल सांगता येत नाही. आणि १,१०० च्या लांब केबल? बदललेल्याच नव्हत्या. माझ्याच जुन्या केबल ओढून बसवलेल्या, क्लच केबलचे दोन तार तुटलेले.

काकांनी कंपनीचं नवीन हँडल, दोन्ही केबल आणि मजुरी मिळून ३,४६० घेतले. आणि मग त्यांनी जे केलं त्याने मला जास्त राग आला. क्लँप थोडा सैल करून हँडल माझ्याकडे जरासं फिरवलं, क्लच-ब्रेकचे लिव्हर हाताच्या रेषेत येतील असे खाली केले, मला बसवून बघितलं, परत थोडं हलवलं. मनगटाचं निम्मं दुखणं तिथेच गेलं. नवीन हँडल घ्यायच्या आधी प्रत्येकाने हे करून बघा, याला पैसे लागत नाहीत. तरी कमी पडलं तर नुसता चांगला राइजर लावा.

दुकानदाराकडे गेलो तर आधी "आमचा मालच नाही हा", मग "तुम्ही कुठेतरी धडकवली असेल", मग माझं जुनं हँडल परत मागितलं तर "ते भंगारात गेलं". भंगारात कसलं, त्याला रंग मारून पुढच्याला विकलं असणार.

आता पोलीस. पहिल्या चौकीत सांगितलं दुकान आमच्या हद्दीत येत नाही. दुसरीकडे सांगितलं तुम्ही राहता तिथे जा. तिथे गेलो तर "घटना घाटात झाली ना, मग तिकडे जा". अरे पण फसवणूक दुकानात झाली! नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, हद्द नसली तरी तक्रार नोंदवून घ्यायची असते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, मी हे सांगितलं तर साहेब म्हणाले "जास्त शिकवू नका". मग म्हणे हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा. गंजलेला पाइप अ‍ॅल्युमिनियम म्हणून विकणं हा सिव्हिल मॅटर? ज्याला आपण चारशेवीस म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, ते मग कशासाठी लिहून ठेवलंय? आणि कळस म्हणजे एकाने मलाच विचारलं, "गाडी मॉडिफाय केली, परवानगी घेतली होती का? तुमच्यावरच कारवाई व्हायला पाहिजे." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बदल करायला बंदी आहे हे मला मान्य आहे, पण मग शहरभर ही दुकानं उघडपणे कशी चालतात, त्यांच्या दारात ट्रॅफिकची गाडी उभी असते ती कशासाठी? फसलेल्या माणसाला घाबरवून घरी पाठवायचं आणि त्या भामट्याचं शटर रोज सकाळी वर. टॅक्स आम्ही भरायचा, हेलपाटे आम्ही घालायचे, रजा आमची कापायची आणि ऐकून आम्हीच घ्यायचं. शेवटी अर्ज घेतला तोही पोच द्यायला तयार नव्हते, अडून बसलो तेव्हा शिक्का मारला. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बिल नाही म्हणून गप्प बसू नका, यूपीआयची एंट्री आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं हाही पुरावा आहे. माझ्याकडे त्याचा "ओरिजिनल अ‍ॅल्युमिनियम, गॅरंटी" असा मेसेज आहे, सुदैवाने डिलीट केला नव्हता. ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे तक्रार नोंदवता येते. ऑनलाइन माल मागवून पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, वकील लावायची सक्ती नाही. खराब माल दुकानदाराला परत देऊ नका, तो मागेल. माझ्याकडेही मागितला, "द्या, बदलून देतो" म्हणाला. मी दिला नाही, ट्यूबच्या पट्टीसकट पिशवीत बांधून ठेवलाय आणि काकांनी त्यांच्या लेटरहेडवर काय काय निघालं ते लिहून सही करून दिलंय.

आता आयोगात तक्रार टाकतोय, ७,३०० अधिक ३,४६० अधिक त्रासाचे. कुणी वकिलाशिवाय स्वतः केस चालवली असेल तर प्रतिज्ञापत्र कसं लिहायचं तेवढं मला सांगा. आणि गेल्या वर्षभरात नाशिकमध्ये कुणी मॅट ब्लॅक हँडल बसवून घेतलं असेल तर आज संध्याकाळी चुंबक लावून बघा, ग्रिप काढून पाइपच्या तोंडात टॉर्च मारा. माझ्यासारखंच निघालं तर गाडी घाटात नेऊ नका आणि मला कळवा, दोघा-तिघांच्या तक्रारी एकत्र गेल्या तर निदान चौकीत सिव्हिल मॅटर म्हणून हाकलता येणार नाही.