गाडीतला 12 व्होल्टचा फ्रिज: फ्रिज उत्तम, प्लगला शिव्या

लिटर किती, वॅट किती, उणे किती अंशांपर्यंत जातो, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, त्यामुळे ते इथे लिहीत नाही. मला बोलायचंय ते वायरीच्या टोकाला असलेल्या त्या स्प्रिंगवाल्या प्लगबद्दल, जो आपण सिगारेट लायटरच्या भोकात खुपसतो. एवढ्या महागाच्या यंत्राला असला प्लग देणाऱ्याला एकदा भेटायची इच्छा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच प्लग बहुतेक सगळ्याच कंपन्या देतात.

फ्रिज घेतला तो गेल्या जुलैत, कॅनडात विनिपेगहून बॅन्फच्या डोंगरांकडे दोघंच गाडीने निघालो तेव्हा. यांच्या इन्सुलिनची न उघडलेली पेनं 2 ते 8 अंशांत राहायला हवीत, गोठली तर फेकायचीच. शिवाय रोज पेट्रोल पंपावर बर्फाच्या पिशव्या विकत घ्यायच्या आणि संध्याकाळी त्या पाण्यात पोहणारी कोथिंबीर बघायची, हे माझ्या जिवावर येतं. वाटेत दोन्ही वेळा बाहेर खायचं म्हणजे खिशाला भोक, म्हणून दही, मोड आलेली मटकी, खोबऱ्याचं वाटण असं सगळं घेतलं होतं.

रिजायनापर्यंतचे पावणेसहाशे किलोमीटर फ्रिज 4 अंशांवरून हलला नाही. ट्रान्स-कॅनडा हायवे सरळ, दोन्ही बाजूंना कनोला पिवळीधमक, मध्येच जवसाचं निळं शेत. सस्कॅचवान लागल्यावर हे प्रत्येक हिरव्या शेताकडे बोट दाखवून 'ही मसूर' म्हणायला लागले. त्यातली निम्मी शेतं वाटाण्याची असावीत, पण मसूर इथे खरोखर अफाट पिकते. तिथल्या विद्यापीठाने 1978 साली 'लेअर्ड' नावाचं वाण काढलं, त्यानंतर हे पीक फोफावलं, आणि आता भारतातही इथून जहाजं भरून मसूर जाते. तोवर मी मनात पाच तारे देऊन मोकळी झाले होते.

मग मूस जॉ गेलं, चॅपलिनचं सोडियम सल्फेटने पांढरंफटक पडलेलं तळं गेलं, आणि स्विफ्ट करंटहून आम्ही दक्षिणेला व्हॅल मरीकडे वळलो, ग्रासलँड्स नॅशनल पार्क बघायला. पार्कातला रस्ता खडीचा. खडखडाट सुरू झाला की प्लग एकेक मिलिमीटर मागे सरकतो. पडत नाही, नुसता सैल होतो, त्यामुळे कळतही नाही. काळ्या शेपटीचे प्रेअरी डॉग कॅनडात रानात फक्त याच भागात आहेत. ते बिळांवर उभे राहून ओरडत होते आणि मी फ्रिजच्या पडद्यावर 'ई-वन' बघत होते. ई-वन म्हणजे व्होल्टेज कमी. प्लग दाबला की चालू, पुढच्या खड्ड्याला बंद. शेवटी मी मागच्या सीटवर बसून हाताने प्लग धरून ठेवला. रानगवे त्याच अवस्थेत पाहिले.

मुक्कामी पोचलो तेव्हा आत 13 अंश होते. पेनांची पिशवी घरमालकिणीच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि कंपनीशी चॅट करत बसले. आधी म्हणे व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणे गाडी चालू असतानाचा पाठवा. शेवटी उत्तर आलं: कॉम्प्रेसरला वॉरंटी आहे, वायर 'झिजणारी वस्तू' आहे. अहो, नवी कोरी वायर झिजली कधी?

दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून स्विफ्ट करंटला शेतीच्या यंत्रांच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मुलाने प्लगला हात लावून लगेच काढून घेतला. टोक तापून तपकिरी झालं होतं. त्याने मीटर लावला. बॅटरी ठणठणीत, पण बारीक वायर आणि सैल टोक यांत इतकं व्होल्टेज मरत होतं की फ्रिजला बॅटरीच उतरल्यासारखी वाटत होती. त्याने बॅटरीपासून मागे जाड वायर ओढली, बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज टाकला आणि टोकाला फिरवून घट्ट बसणारा जोड लावला. मजुरी ऐकून हे गप्प झाले, पण बॅन्फपर्यंत आणि परत येईपर्यंत ई-वन दिसला नाही.

तेव्हा दोष फ्रिजचा नाही, हे मान्य. उलट बॅन्फमध्ये त्याने मन जिंकलं. अस्वलांमुळे कॅम्पसाइटवर खाण्याचं काहीही बाहेर ठेवता येत नाही, कूलरसुद्धा गाडीत बंद करावा लागतो. सिगारेट लायटर गाडी बंद केली की मरतो. बॅटरीवरची वायर रात्रभर चालते. बॅटरी संरक्षण (गाडीची बॅटरी फार उतरण्याआधी फ्रिज आपोआप बंद करणारी सोय) रात्री 'हाय'वर ठेवलं, सकाळी गाडी एका सेल्फला सुरू. फक्त दही तळाशी ठेवू नका, तिथे बर्फ होतो. पडद्यावरचा आकडा सेन्सरपाशी जे असेल ते सांगतो. कोथिंबीर आणि इन्सुलिन कॉम्प्रेसरवरच्या पायरीवर ठेवायचं, तिथे जरा कमी गार असतं.

हिवाळ्यात मात्र विनिपेगमध्ये गाडीतला फ्रिज म्हणजे निव्वळ वजन. बाहेर उणे 30 असताना त्याला आतलं गोठण्यापासून वाचवता येत नाही. माझ्या मॉडेलमध्ये गरम करायची सोय नाही. तो तळघरात घरच्या विजेवर चालतोय, इडलीच्या पिठाला आणि पाहुण्यांच्या श्रीखंडाला. आवाज इतका कमी की चालू आहे का ते हात लावून बघावं लागतं.

फ्रिजला साडेचार तारे, प्लगला शून्य. घ्यायचा असेल तर किमतीत जाड वायरीचा खर्च आधीच धरा. कंपनीने कटकट थांबावी म्हणून असेल, फेब्रुवारीत फुकट नवी वायर पाठवली. तीही तसलीच, स्प्रिंगवाली. पाकीट फोडलेलं नाही. कुणाला हवी असेल तर घेऊन जा, पोस्टाचा खर्च तुमचा.