पुरात मोबाइल बंद पडला तर: वॉकीटॉकी की हॅम रेडिओ?

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी वडोदऱ्यात शिरलं, तेव्हा तिथल्या अकोटा भागातल्या आत्याचा फोन दीड दिवस लागला नाही. आमच्या जिवाला घोर लागला होता. तेव्हापासून भाचा विचारतोय, घरात काय ठेवू?

446 मेगाहर्ट्झची वॉकीटॉकी घेतली तर परवाना लागत नाही. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. आत्यालाही पाच मिनिटांत जमेल. पण खोक्यावरच्या किलोमीटरांवर जाऊ नका. इमारतींच्या गर्दीत आवाज गच्चीवरून शेजारच्या सोसायटीपर्यंत पोचला तरी पुष्कळ.

हॅम रेडिओला, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचाला, मेहनत आहे. वय किमान 12 हवं, दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, मग परवाना. मात्र छतावर तार ताणली आणि गाडीची बॅटरी जोडली, की लघुलहरींवर शेकडो किलोमीटर बोलता येतं, मधे टॉवर लागतच नाही. 2001 च्या भुज भूकंपात हॅमवाल्यांनी असेच निरोप पोचवले. खर्च अर्थातच जास्त. आणि महिनोन्‌महिने हात लावला नाही, तर ऐन वेळी काही सुचत नाही.

आत्यासारख्यांनी वॉकीटॉकीची जोडी घ्यावी, एक शेजाऱ्यांकडे ठेवावी, सेल दर महिन्याला तपासावेत. भाच्याला आवड आहे, वय आहे. त्याने परीक्षेलाच बसावं.