मांजरीच्या गर्भाशयातील पू : शस्त्रक्रिया की औषधोपचार?

नसबंदी न झालेल्या मांजरीला माजानंतर काही आठवड्यांत सुस्ती आली, ती वाजवीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागली आणि शेपटीखालचे केस दुर्गंधीयुक्त चिकट स्रावाने माखलेले दिसले, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. मांजरी स्वतःला सतत चाटून स्वच्छ ठेवतात, त्यामुळे हा स्राव पुष्कळदा नजरेस पडतच नाही.

अंडाशयांसह गर्भाशय काढून टाकणारी शस्त्रक्रिया संसर्गाचे मूळच नाहीसे करते. आजारी जनावराला भूल देण्यात धोका असतो, हे खरे. म्हणून आधी शिरेतून सलाइन व प्रतिजैविके देऊन प्रकृती सावरली जाते, पण त्यासाठी फार दिवस थांबता येत नाही.

औषधोपचारात अ‍ॅग्लेप्रिस्टोनची इंजेक्शने प्रोजेस्टेरॉन या गर्भधारणा टिकवणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम रोखतात, गर्भाशयमुख उघडते आणि पू बाहेर पडतो. सोबत प्रतिजैविके चालू ठेवावी लागतात. प्रोस्टाग्लँडिन या दुसऱ्या औषधाने गर्भाशय आकुंचन पावते, मात्र इंजेक्शननंतर थोड्याच वेळात लाळ गळणे, धाप लागणे, उलट्या होणे असे त्रास दिसतात आणि मुख बंद असताना ते दिल्यास गर्भाशय फुटण्याची भीती असते. गर्भाशय जागेवरच राहत असल्याने पुढच्या माजानंतर आजार उलटू शकतो.

माझ्या मते औषधांचा मार्ग पिल्ले हवी असलेल्या, तरुण, खात्यापित्या आणि स्राव बाहेर येत असलेल्या मांजरीपुरताच ठेवावा. मुख बंद असेल, ताप असेल किंवा अंग गार पडू लागले असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. तिथे शस्त्रक्रियाच करावी लागते.